टॉक्सोप्लाझ्माचा आयजीएम पॉझिटिव्ह आला, म्हणून लगेच गर्भपात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्हाला अकरावा आठवडा चालू आहे. गेल्या वेळी आठव्या आठवड्यात गर्भ पडला होता, म्हणून या वेळी सुरुवातीलाच 'टॉर्च' (बाळाला बाधू शकणाऱ्या काही ठराविक जंतूंसाठीची रक्ताची) तपासणी करून घेतली. त्यात टॉक्सोप्लाझ्माचे आयजीजी आणि आयजीएम (जंतूशी लढायला शरीर बनवतं ते रक्तातले दोन प्रकारचे प्रतिपिंड) दोन्ही पॉझिटिव्ह आले. रिपोर्ट पाहून कुणीतरी सांगितलं, की बाळाच्या मेंदूत दोष असणार, वेळेतच मोकळ्या व्हा. घरात मांजर आहे, ते आजच्या आज घराबाहेर काढा, असंही सांगितलं. आणि शेवटी तुम्ही विचारलंय, की हा आजार एवढा गंभीर असेल तर प्रत्येक गरोदर बाईची ही तपासणी का करत नाहीत?

गर्भपाताचं आधी सांगते, कारण बाकीचं वाचून होईपर्यंत तुमचा जीव टांगणीला लागलेला असेल. या एका रिपोर्टवर गर्भपाताचा निर्णय घ्यायचा नाही. आयजीएम पॉझिटिव्ह आला म्हणजे निदान झालं असं होत नाही. पुढची तपासणी करायला हवी, एवढंच तो सांगतो. ती पुढची तपासणी करण्यासाठी अकरावा आठवडा ही फार चांगली वेळ आहे. का, ते खाली येईलच.

टॉक्सोप्लाझ्मा हा एकपेशीय परजीवी आहे. जगातल्या अंदाजे एक तृतीयांश लोकांना तो आयुष्यात कधी ना कधी होऊन गेलेला असतो आणि त्यातल्या बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो. फार तर मानेत थोड्या गाठी येतात, आठवडा-दोन आठवडे अंगात कसकस राहते, थकवा वाटतो आणि सगळं आपोआप बरं होतं. परजीवी मात्र पूर्णपणे जात नाही. स्नायूंत आणि मेंदूत बारीक कोष करून तो निपचित पडून राहतो. त्याच्याविरुद्धची प्रतिकारशक्तीही आयुष्यभर टिकते. म्हणून गर्भारपणाच्या आधीच ज्या बाईला ही बाधा होऊन गेली आहे, तिच्या बाळाला या आजाराची भीती जवळजवळ नसते. एड्स किंवा अवयव प्रत्यारोपणानंतरची औषधं अशा कारणांनी प्रतिकारशक्ती खूप खालावली असेल, तर जुनी बाधा पुन्हा उसळू शकते. तो वेगळा गट आहे. धोका असतो तो गर्भारपणातच आयुष्यात पहिल्यांदा बाधा झाली तर.

सगळी तपासणी या एकाच प्रश्नाभोवती फिरते: बाधा कधी झाली? झाली की नाही, हे आयजीजी सांगतो. बाधा झाल्यावर साधारण दोन-तीन आठवड्यांत तो रक्तात दिसू लागतो, एक-दोन महिन्यांत चढतो, मग हळूहळू थोडा उतरतो आणि जन्मभर राहतो. आयजीएम त्याच्याही आधी, बहुधा पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातच दिसायला लागतो. पूर्वी समज असा होता की तो काही महिन्यांत निघून जातो, म्हणून तो सापडला की बाधा ताजी. प्रत्यक्षात कित्येक बायकांमध्ये तो वर्षभर टिकतो, काहींच्या रक्तात त्याहून कितीतरी जास्त. शिवाय मुळात नसलेला आयजीएम चाचणीत दिसण्याचे प्रकारही होतात. शरीरातले दुसरे काही प्रतिपिंड किटला चिकटले तरी पॉझिटिव्ह उमटतं. म्हणूनच १९९७ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डॉक्टरांना जाहीर इशारा दिला होता, की बाजारातल्या आयजीएम किटच्या निकालावरच विसंबून गरोदर बाईला ताजी बाधा झाली आहे असं ठरवू नका. त्याला आता पाव शतकाहून जास्त काळ लोटला, तरी त्या निकालावर घाबरवून सोडण्याची सवय सुटलेली नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

हे आकड्यांत मांडून पाहू. समजा, दहा हजार गरोदर बायकांची आयजीएम तपासणी केली आणि त्यांतल्या दहा जणींना खरोखर ताजी बाधा आहे. चाचणी चांगली आहे, दहाच्या दहा जणी ती पकडते आणि शंभरात फक्त दोघींच्या बाबतीत चुकीचं पॉझिटिव्ह देते. उरलेल्या ९,९९० जणींमध्ये सुमारे २०० जणींचा निकाल चुकीने पॉझिटिव्ह येईल. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या जवळपास २१० जणींपैकी खरी ताजी बाधा दहा जणींना. विसांत एक. हे आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत, पण आजार दुर्मिळ असला की चांगल्या चाचणीचंही असंच होतं. 'पॉझिटिव्ह' शिक्का पाहून ज्या बाईला गर्भपात सुचवला जातो, ती बहुधा उरलेल्या एकोणिसांपैकी एक असते.

आता तुम्ही काय करायचं ते.

सगळ्यात आधी घरातली जुनी कागदपत्रं काढा. गेल्या वर्षी गर्भ पडला तेव्हा किंवा त्याआधी कधी ही तपासणी झाली होती का, ते पाहा. तेव्हाचा आयजीजी पॉझिटिव्ह असेल तर हा विषय तिथेच संपतो. बाधा या गर्भारपणाच्या आधीची आहे, आजचा आयजीएम हा जुन्याचा उरलेला अंश आहे, आणि आणखी काहीही करायची गरज नाही. अनेकदा महागड्या तपासण्यांनी जे ठरत नाही, ते फाईलमधल्या एका जुन्या कागदाने ठरतं. याउलट तेव्हाचा आयजीजी निगेटिव्ह असेल, तर मधल्या काळात कधीतरी बाधा झाली असं ठरतं. मग पुढची पायरी जास्त तातडीची होते.

जुना कागद नसेल तर आयजीजी अ‍ॅव्हिडिटी ही तपासणी करून घ्या. बाधा नवी असताना शरीर जे आयजीजी बनवतं, त्यांची परजीवीवरची पकड सैल असते. महिने जातात तशी ती घट्ट होत जाते. प्रयोगशाळेत तुमचं एकच रक्तद्रव दोन खाचांमध्ये घालतात. दोन्हींच्या तळाशी परजीवीची प्रथिनं लावलेली असतात आणि त्यांना तुमचे प्रतिपिंड चिकटतात. मग एक खाच साध्या द्रावणाने धुतात आणि दुसरी युरियाच्या तीव्र द्रावणाने. सैल पकड असलेले प्रतिपिंड युरियाने सुटून वाहून जातात, घट्ट पकड असलेले तसेच राहतात. दोन्ही खाचांत किती उरले, त्याचं गुणोत्तर म्हणजे अ‍ॅव्हिडिटी. हे गुणोत्तर कितीच्या वर गेलं की 'उच्च' म्हणायचं, ते प्रत्येक किटचं वेगळं असतं. म्हणून नुसता आकडा पाहू नका, शेजारी छापलेली त्या किटची मर्यादा पाहा.

अ‍ॅव्हिडिटी उच्च आली तर बाधा किमान चार महिन्यांपूर्वीची आहे असं धरता येतं (काही किटसाठी ही मुदत तीन महिन्यांची आहे). तुम्ही अकराव्या आठवड्यात आहात, म्हणजे गर्भ राहून नऊच आठवडे झालेत. त्यामुळे आज उच्च अ‍ॅव्हिडिटी मिळाली, तर बाधा दिवस जाण्याच्या आधीची होती हे पक्कं होतं. ही वेळ सोयीची आहे असं वर म्हटलं ते यासाठी. हीच तपासणी विसाव्या किंवा पंचविसाव्या आठवड्यात केली असती, तर उच्च अ‍ॅव्हिडिटीने एवढा दिलासा मिळाला नसता. बाधा पहिल्या दोन-तीन महिन्यांतली असण्याची शक्यता तेव्हा उरतेच.

अ‍ॅव्हिडिटी कमी आली तर? तरीही बाधा ताजी आहे असं सिद्ध होत नाही. काही बायकांचे प्रतिपिंड महिनोन् महिने, अगदी वर्षभरही, सैल पकडीचेच राहतात. उच्च निकालाने शंका दूर होते, कमी निकालाने ती फक्त कायम राहते. हा फरक रिपोर्ट वाचणाऱ्यांच्याही ध्यानात अनेकदा राहत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते आहे. अशा वेळी तीन आठवड्यांनी दुसरा नमुना द्यायचा आणि दोन्ही नमुने एकाच प्रयोगशाळेत, एकाच दिवशी, एकाच किटवर शेजारी शेजारी तपासायचे. त्यासाठी पहिल्या नमुन्यातलं रक्तद्रव गोठवून ठेवायला प्रयोगशाळेला आजच सांगून ठेवा. वेगवेगळ्या ठिकाणी केलेल्या दोन रिपोर्टांतले आकडे एकमेकांशी ताडून पाहू नका. एका किटवरचे ८० आणि दुसऱ्यावरचे २०० यांचा अर्थ बाधा वाढली असा होत नाही. शेजारी शेजारी तपासूनही आयजीजी स्थिर असेल, तर बाधा पहिल्या नमुन्याच्या बऱ्याच आधीची. स्पष्ट चढला असेल, तर ती ताजी असण्याची शक्यता खरी मानायची. शंका उरली तर नमुने टॉक्सोप्लाझ्मासाठी खास असलेल्या संदर्भ प्रयोगशाळेत पाठवायचे. तिथे एकाऐवजी अनेक चाचण्यांचा संच लावून अर्थ काढतात.

एक वेगळा प्रकारही सांगून ठेवते, कारण तुमच्यासारखीच दुसरी कुणी हे वाचत असेल. आयजीएम पॉझिटिव्ह आणि आयजीजी निगेटिव्ह असा रिपोर्ट आला, तर बाधा अगदी काही दिवसांपूर्वीची असेल किंवा निकाल फसवा असेल. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासायचं. तेव्हाही आयजीजी उगवला नसेल, तर पहिला आयजीएम खोटा होता.

धरून चालू की तुमच्या बाबतीत शंका खरी ठरली आणि बाधा गर्भारपणाच्या सुरुवातीची निघाली. तरीही आईला बाधा म्हणजे बाळाला बाधा असं नसतं. परजीवीला आधी वारेत शिरावं लागतं, मग वार ओलांडावी लागते. सुरुवातीच्या महिन्यांत वार लहान असते, रक्तपुरवठाही कमी असतो, त्यामुळे तो पलीकडे जाण्याची शक्यता कमी. दिवस भरत येतात तशी ती वाढते. इजेचं मात्र उलट आहे. अवयव घडत असताना पोचलेला परजीवी जास्त नुकसान करतो, नवव्या महिन्यात पोचलेला बहुधा वरवर काहीच दाखवत नाही. फ्रान्समधल्या ल्यों शहरात ६०० हून अधिक बाधित गरोदर स्त्रियांचा अभ्यास झाला आणि तो १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आईला तेराव्या आठवड्यात बाधा झाली असता सुमारे ६ टक्के बाळांपर्यंत ती पोचली, सव्विसाव्या आठवड्यात ४० टक्के आणि छत्तिसाव्या आठवड्यात ७२ टक्के. बाधा पोचलेल्या बाळांपैकी तीन वर्षांच्या वयापर्यंत डोळ्यांत किंवा मेंदूत खुणा दिसणाऱ्यांचं प्रमाण मात्र अनुक्रमे ६१, २५ आणि ९ टक्के होतं.

हे दोन्ही आकडे एकत्र वाचायला हवेत. तेराव्या आठवड्यातल्या बाधेसाठी ६ टक्क्यांचे ६१ टक्के म्हणजे जेमतेम ४ टक्के. म्हणजे आईला पहिल्या तिमाहीच्या शेवटी बाधा झाली आहे हे सिद्ध झालेलं असतानाही, तशा शंभर जणींपैकी शहाण्णव जणींच्या बाळांमध्ये खुणा दिसल्या नाहीत. यातल्या बहुतेक जणींवर उपचार झाले होते, हेही सांगायला हवं. आणि 'खुणा' या शब्दात डोळ्याच्या पडद्यावरचा एखादा लहानसा व्रणही येतो, ज्याने नजरेला फरक पडत नाही. तुम्हाला 'मेंदूत दोष असणारच' असं सांगितलं गेलं, ते या आकड्यांसमोर ठेवून पाहा. एकूण धोका सर्वांत जास्त असतो तो साधारण चोविसाव्या ते तिसाव्या आठवड्यातल्या बाधेत. बाधा पोचण्याची शक्यता तेव्हा वाढलेली असते आणि बाळही अजून पुरेसं तयार नसतं. त्या टप्प्यातही तो दहा टक्क्यांच्या आसपासच आहे.

बाधा ताजी असल्याची दाट शंका असेल, तर पक्क्या निकालाची वाट न पाहता स्पायरामायसिन सुरू करतात. साधारणपणे एक ग्रॅम दिवसातून तीन वेळा, रिकाम्या पोटी. ते वारेत साठतं पण बाळापर्यंत फारसं पोचत नाही. त्याचं काम परजीवीला वारेतच अडवण्याचं. बाळाला ते सुरक्षित मानलं जातं, त्यामुळे तपासण्या चालू असताना ते घेतलं आणि पुढे निकाल चांगला आला, तर नुकसान काही होत नाही, औषध थांबवायचं एवढंच. उपचाराचा फायदा नेमका किती, यावर वैद्यकीय जगात प्रामाणिक मतभेद आहेत. २००७ मध्ये अनेक देशांतल्या अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून जो आढावा निघाला, त्यात बाधेनंतर तीन आठवड्यांच्या आत औषध सुरू झालेल्यांमध्ये बाळापर्यंत बाधा कमी पोचल्याचं दिसलं, पण लेखकांनी तो पुरावा कमकुवत असल्याचंही स्पष्ट लिहिलं. माझं मत असं, की द्यायचं असेल तर लगेच द्यावं, रेंगाळू नये. आणि फक्त आयजीएमच्या एका रिपोर्टवर ते नऊ महिने चालू ठेवू नये.

बाळाला बाधा पोचली का, हे गर्भजलाच्या पीसीआर तपासणीने कळतं. सोनोग्राफीत पाहत पाहत पोटातून बारीक सुई घालून थोडं गर्भजल काढतात आणि त्यात परजीवीचा डीएनए आहे का ते पाहतात. ही तपासणी अठराव्या आठवड्यानंतरच करायची, आणि आईला बाधा होऊन किमान चार आठवडे लोटल्यानंतर. त्याआधी केली तर बाधा असूनही निगेटिव्ह येऊ शकते, शिवाय सुईचा धोका विनाकारण पत्करला जातो. म्हणजे आज तुमच्या पोटातल्या बाळाला बाधा आहे की नाही, हे कुठल्याही चाचणीने सांगता येणार नाही. तरी आजच गर्भपात करा असं सांगणं, हे माहिती हाती येण्याआधीच निकाल लावण्यासारखं आहे.

पीसीआर पॉझिटिव्ह आलं तर औषधं बदलतात. पायरिमेथामिन आणि सल्फाडायझिन ही जोडी देतात, ती बाळापर्यंत पोचते. पायरिमेथामिन पहिल्या तिमाहीत द्यायचं नसतं आणि त्याने रक्तपेशी घटू शकतात, म्हणून सोबत फोलिनिक अ‍ॅसिड द्यावं लागतं आणि वरचेवर रक्त तपासावं लागतं. इथे एक घोळ वारंवार पाहते. गरोदरपणात सगळ्यांना देतात ती फोलिक अ‍ॅसिडची गोळी वेगळी, ती इथे चालत नाही. ती पायरिमेथामिनचाच परिणाम कमी करू शकते. औषधाच्या पाकिटावरचं नाव दोनदा वाचा. फ्रान्समध्ये या दोन उपचारांची थेट तुलना करणारी एक चाचणी झाली, तिचे निकाल २०१८ मध्ये आले. जोडीच्या औषधांच्या गटात १८.५ टक्के आणि स्पायरामायसिनच्या गटात ३० टक्के बाळांना बाधा पोचली. चाचणीत १४३ स्त्रियाच होत्या, त्यामुळे हा फरक योगायोगाचाही असू शकतो. पण सोनोग्राफीत मेंदूतले बदल पहिल्या गटात एकाही बाळात दिसले नाहीत, दुसऱ्या गटात सहा बाळांत दिसले.

या सगळ्या काळात दर महिन्याला तज्ज्ञाकडून सोनोग्राफी होते. मेंदूतल्या पोकळ्या रुंदावल्या आहेत का, मेंदूत चुन्याचे ठिपके आहेत का, यकृत मोठं किंवा पोटात पाणी आहे का, वार जाड झाली आहे का, हे पाहतात. गर्भपाताचा विचार खरोखर करायचाच, तर तो बाळाला बाधा पोचल्याचं सिद्ध झालंय आणि सोनोग्राफीत मेंदूची ठळक इजा दिसते आहे, अशा वेळी. तोही आईवडिलांनी, सगळी माहिती समोर ठेवून. बाधा पोचली आहे पण सोनोग्राफ्या सतत व्यवस्थित आहेत, अशा बाळांची वाढ बहुतांशी चांगली होते.

मागच्या वेळी गर्भ पडला त्याबद्दल. तुमच्या मनात हा दुवा जोडला गेलाय, कारण 'टॉर्च'ची तपासणीच त्यासाठी केली गेली. आठव्या आठवड्यात एकदा गर्भ पडण्याचं सर्वांत सामान्य कारण म्हणजे त्या गर्भातल्या गुणसूत्रांची गडबड. टॉक्सोप्लाझ्मा पुन्हा पुन्हा गर्भ पडायला कारणीभूत ठरत नाही, कारण एकदा बाधा झाली की पुढच्या गर्भांना आईच्या प्रतिकारशक्तीचं संरक्षणच मिळतं. टॉक्सोप्लाझ्मा, रुबेला, सायटोमेगॅलो आणि हर्पिस यांची 'टॉर्च' ही मोळी १९७१ मध्ये बालरोगतज्ज्ञ नहमियास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांधली, ती नवजात बाळांत सारखीच लक्षणं दाखवणाऱ्या जंतूंचा एकत्र विचार व्हावा म्हणून. गर्भ पडलेल्या प्रत्येक बाईचं रक्त त्यासाठी तपासावं असा त्याचा अर्थ नव्हता. नंतरच्या काळात ती सवय पडून गेली आणि तिच्यापायी किती जणींनी महिनेच्या महिने अनावश्यक औषधं घेतली, किती जणींनी धडधाकट गर्भ गमावले, याचा विचार केला की मला राग येतो.

मांजर घराबाहेर काढू नका. मांजराच्या विष्ठेतून परजीवीची अंडी पडतात हे खरं, पण मांजराला पहिल्यांदा बाधा होते तेव्हाच, आणि तीही एक ते तीन आठवडेच. त्यानंतर ते बहुधा पुन्हा कधी अंडी टाकत नाही. टाकलेली अंडी लगेच बाधा करत नाहीत, तयार व्हायला त्यांना एक ते पाच दिवस लागतात. म्हणून विष्ठेचा ट्रे रोज साफ करायचा, शक्यतो घरातल्या दुसऱ्या कुणीतरी. तुम्हालाच करावा लागला तर हातमोजे घालून आणि नंतर साबणाने हात धुऊन. घरातच राहणाऱ्या, तयार खाणं खाणाऱ्या मांजरापासून धोका अगदी नगण्य. २००० साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या सहा शहरांतल्या अभ्यासात गरोदर स्त्रियांच्या ताज्या बाधांपैकी ३० ते ६३ टक्के कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या मांसामुळे, ६ ते १७ टक्के मातीच्या संपर्कामुळे झाल्याचं आढळलं. मांजर जवळ असण्याचा संबंध दिसला नाही. मांस आतला गुलाबी रंग जाईपर्यंत शिजवायचं, कच्च्या भाज्या-फळं नीट धुवायची, कच्चं मांस हाताळल्यावर हात, सुरी आणि पाट धुवायचे, बागकाम हातमोजे घालून करायचं, न उकळलेलं-न गाळलेलं पाणी टाळायचं. ज्यांचा आयजीजी निगेटिव्ह आहे त्यांच्यासाठी हे फार महत्त्वाचं. तुमची बाधा जुनी ठरली, तर टॉक्सोप्लाझ्मापुरती तुम्हाला ही धास्ती राहत नाही.

आता तपासणी सगळ्यांचीच का नाही, हा प्रश्न. याला देशोदेशी वेगवेगळं उत्तर दिलं गेलंय आणि दोन्ही बाजूंना विचार करणारी माणसं आहेत. ऑस्ट्रियाने सत्तरच्या दशकाच्या मध्यात राष्ट्रीय तपासणी सुरू केली. फ्रान्सने १९७८ मध्ये, आणि १९९२ पासून आयजीजी निगेटिव्ह असलेल्या प्रत्येक गरोदर स्त्रीची बाळंतपणापर्यंत दर महिन्याला. ब्रिटन आणि अमेरिकेत सरसकट तपासणीची शिफारस नाही. डेन्मार्कने नवजात बाळांच्या रक्ताच्या ठिपक्यावर तपासणी चालू केली होती, ती २००७ मध्ये थांबवली, कारण उपचाराचा पुरेसा फायदा दिसेना.

फ्रान्सची पद्धत नीट पाहिली की या तपासणीचं मर्म कळतं. तिथे सुरुवातच निगेटिव्ह रिपोर्टापासून होते. बाईला पहिल्या भेटीत 'तुम्हाला बाधा झालेली नाही' हे कळतं, काय टाळायचं ते सांगितलं जातं आणि मग दर महिन्याला पाहिलं जातं. गेल्या महिन्यात निगेटिव्ह होता आणि या महिन्यात पॉझिटिव्ह झाला, म्हणजे बाधा या चार आठवड्यांतली. अंदाज करायची गरजच उरत नाही. आपल्याला त्रास होतो तो एकदाच, कधीतरी, कुठल्यातरी आठवड्यात केलेल्या तपासणीचा. त्यात आधीचा बिंदूच नसतो, मग आयजीएमवरून तर्क लढवत बसावं लागतं. अशी एकटी तपासणी ही ना फ्रान्सची पद्धत, ना ब्रिटनची. दोन्हींतले दोष तेवढे तिच्यात उतरतात.

पण दरमहा तपासणीचा व्यापही मोठा आहे. फ्रान्समधल्या गरोदर स्त्रियांत आधीच बाधा होऊन गेलेल्यांचं प्रमाण १९९५ मध्ये सुमारे ५४ टक्के होतं, ते २०१६ पर्यंत सुमारे ३१ टक्क्यांवर आलं. म्हणजे दर महिन्याला तपासाव्या लागणाऱ्यांची संख्या वाढत गेली, आणि त्यांच्यात नव्या बाधा मात्र विरळ होत गेल्या. आजार जितका विरळ, तितके चुकीचे पॉझिटिव्ह जास्त, हे आपण वर पाहिलंच. पक्कं निदान करणाऱ्या प्रयोगशाळा आणि निकाल समजावून सांगायला वेळ देणारे डॉक्टर जिथे सहज मिळत नाहीत, तिथे सरसकट तपासणीने वाचवलेल्या बाळांपेक्षा घाबरून गमावलेले गर्भ जास्त भरतील अशी मला भीती वाटते. म्हणून मी सरसकट आयजीएम तपासणीच्या विरोधात आहे. दिवस जाण्याआधी एकदा फक्त आयजीजी तपासून ठेवावा, या बाजूने मात्र मी नक्की आहे. पॉझिटिव्ह आला तर आयुष्यभराची काळजी मिटते. निगेटिव्ह आला तर खबरदारी कळते, आणि पुढे कधी शंका आली तर ताडून पाहायला आधीचा बिंदू हाताशी असतो.

तपासणीच्या बाजूने बोलणाऱ्यांचा एक मुद्दा मला फार वजनदार वाटतो, तोही सांगायला हवा. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात १९८६ पासून नवजात बाळांची तपासणी सुरू झाली. तिथे आणि न्यू हॅम्पशायरमध्ये मिळून बाधा सिद्ध झालेल्या ५२ बाळांपैकी ५० बाळं नेहमीच्या तपासणीत अगदी व्यवस्थित वाटली होती. बारकाईने पाहिल्यावर जवळपास ४० टक्के बाळांत डोळ्याच्या पडद्यावर किंवा मेंदूत काहीतरी सापडलं. जन्मतः दिसत नाही म्हणून आजार नाही, असं धरून चालत नाही. डोळ्यातले व्रण पुढे शाळकरी वयात, तरुणपणीही उमटू शकतात.

त्यामुळे तुमची बाधा गर्भारपणातली ठरली, तर मधल्या सगळ्या तपासण्या चांगल्या आल्या तरी बाळंतपणानंतर बाळाकडे दुर्लक्ष करू नका. बाळाचं रक्त, डोळ्याच्या पडद्याची तपासणी आणि डोक्याची सोनोग्राफी व्हायला हवी. जन्मतः बाळाच्या रक्तात आयजीजी सापडेलच, तो तुमच्याकडून आलेला असतो, त्याने घाबरायचं नाही. तो हळूहळू उतरत बाळ वर्षाचं होईपर्यंत नाहीसा झाला, तर बाळाला बाधा नव्हती. टिकून राहिला किंवा चढला, तर होती. बाधा सिद्ध झालेल्या बाळाला साधारण वर्षभर औषधं देतात आणि डोळ्यांची तपासणी मोठेपणापर्यंत चालू ठेवतात.

तर उद्या सकाळी मागची फाईल काढा, प्रयोगशाळेला रक्तद्रव राखून ठेवायला सांगा आणि त्याच नमुन्यावर अ‍ॅव्हिडिटी करून मागा. निकाल येईपर्यंत स्पायरामायसिन घ्यायचं की नाही, हे तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा. तुमच्या अकराव्या आठवड्यात मी आठवडाभर अ‍ॅव्हिडिटीची वाट पाहायला तयार असेन, निकालाला त्याहून उशीर लागणार असेल तर औषध सुरू करेन. आणि आयजीजी खरोखर पॉझिटिव्ह असल्याची एकदा खात्री झाली, की तो कागद प्लास्टिकच्या पाकिटात घालून जपून ठेवा. पुढच्या वेळी कुणी पुन्हा 'टॉर्च' लिहून दिली, तर तो दाखवा आणि टॉक्सोप्लाझ्माची तपासणी वगळायला सांगा.